पत्ते पिसता पिसता पुस्तकं लिहिणारा जॉन स्कार्न

कट्ट्यावरचा

परवा रात्री 'द स्टिंग' पुन्हा बघितला. १९७३चा सिनेमा, सात ऑस्कर, बहुतेकांनी पाहिलेला असेल. त्यात आगगाडीतल्या पोकरच्या डावाआधी पॉल न्यूमन पत्त्यांशी खेळत बसतो. पानं एका हातातून दुसऱ्या हातात पाण्यासारखी जातात, कॅट दोन ठिकाणी फुटतो, पुन्हा एक होतो. आणि एवढी करामत झाल्यावर शेवटी सगळी पानं हातातून उडून सांडतात.

सांडतात ती न्यूमनच्या हातातून. त्याआधीचे जवळून दिसणारे हात मात्र त्याचे नाहीत, जॉन स्कार्न नावाच्या माणसाचे आहेत. या स्कार्नबद्दल मी मागे बरंच वाचलं होतं, ते सगळं डोक्यात पुन्हा वर आलं. म्हटलं, इथे टाकू या.

जन्म ४ मार्च १९०३, अमेरिकेत ओहायो राज्यातलं स्टुबेनव्हिल. पाळण्यातलं नाव ऑर्लँडो कार्मेलो स्कार्नेकिया. आईबाप इटलीहून आलेले. वाढला न्यू जर्सीत, फेअरव्ह्यू आणि गटेनबर्गकडे. गल्लीतल्या एका पत्तेचोराने पोराला नादाला लावलं. तीन पानांतली राणी ओळखा, वरचं पान तसंच ठेवून खालून दुसरं वाटणं, पिसल्यासारखं दाखवायचं पण पानांचा क्रम हलू द्यायचा नाही, असलं सगळं. पोरगं आरशासमोर बसून तासन् तास हेच करायचं. आई देवभक्त कॅथलिक. तिने पत्ते काढून घेतले नाहीत, हे मला फार आवडतं. तिचं म्हणणं एवढंच की हात चालवायचेत ना, मग लोकांना फसवायला नको, जादूचे खेळ कर.

तो जादूगार झाला. त्याची सगळ्यात गाजलेली करामत म्हणजे पिसलेला कॅट काटायचा आणि एक्का काढायचा. पुन्हा पिसायचा, पुन्हा काटायचा, दुसरा एक्का. असे चारही. न्यूयॉर्कचा तेव्हाचा जुगारसम्राट अर्नोल्ड रोथस्टाइन (१९१९ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज विकत घेतल्याचा ज्याच्यावर ठपका, आणि १९२८मध्ये ज्याला गोळी घातली, तोच) याच्यासमोर आपण पोरवयात हे करून दाखवलं, असं स्कार्न आत्मचरित्रात सांगतो.

पुढे दुसरं महायुद्ध. अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत पगाराच्या दिवशी फाशांचे आणि पत्त्यांचे डाव बसत, आणि त्यात चार अट्टल लोक शंभर पोरांचा पगार गोळा करून नेत. स्कार्न छावण्याछावण्यांत फिरून हे लोक काय करतात ते स्टेजवर करून दाखवू लागला. सैन्याचं 'यँक' नावाचं साप्ताहिक होतं, त्यातही लिहू लागला. इथून तो लेखक झाला. १९४५ला फाशांवरचं जाडजूड पुस्तक आलं, 'स्कार्न ऑन डाइस'. सोबत क्लेटन रॉसन, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा आणि जादूही करायचा. प्रकाशक कोण, तर लष्करी पुस्तकं छापणारी कंपनी! १९४९ला पत्त्यांवरचं. १९६१ला जुगाराचा आख्खा कोश म्हणावा असं 'कंप्लीट गाइड टू गॅम्बलिंग'. शिवाय बैठे खेळ शोधून काढले, हिल्टन हॉटेलवाल्यांच्या कॅसिनोंचा सल्लागार झाला, आत्मचरित्र लिहिलं, शेवटी माफियावरसुद्धा पुस्तक लिहिलं. १९८५ला गेला.

आता माझं मत. या माणसाच्या हातांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. तोंडातलं प्रत्येक वाक्य मात्र एकदा काटून घ्यावं, पिसलेला कॅट काटून घेतात तसं. कारण स्वतःबद्दल सांगताना तो कधीच हात आखडता घेत नाही. जगातला सगळ्यात मोठा जुगारतज्ज्ञ कोण, हे त्याच्या पुस्तकांत दर दहा पानांनी कळत राहतं.

कोणी वाचलाय का त्याला? त्यातलं काही वापरून पाहिलंय का?

दुपारची_झोप

धागा मस्त. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जर्सीकर

अरे वा, आमच्या पंचक्रोशीतला माणूस की हा! गटेनबर्ग म्हणजे जेमतेम चार ब्लॉक रुंदीचं गाव. बर्गनलाइन अव्हेन्यूवरून छोट्या जिटनी बसने जाताना एक डुलकी काढली तर गाव मागे पडतं. एका टोकाला उभं राहिलं की खाली हडसन आणि समोर अख्खं मॅनहॅटन. आता सगळीकडे स्पॅनिश पाट्या आहेत, पण जुन्या इटालियन बेकऱ्या अजून कुठे कुठे दिसतात. इतकी वर्षं या रस्त्याने जातोय, हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

एक गंमत लक्षात आली का? १९०३चा जन्म आणि १९७३चा सिनेमा. न्यूमन तेव्हा ४८चा, आणि पडद्यावर त्याचे म्हणून जे हात दिसतात ते सत्तरीच्या म्हाताऱ्याचे. एरवी हिरोच्या जागी तरुण डुप्लिकेट घेतात.

खवट_म्हातारा

म्हणजे आता जुगाऱ्यांचे पोवाडे गायचे दिवस आले. शकुनीमामालाही एखादं आत्मचरित्र लिहायला लावा कोणीतरी.

कट्ट्यावरचा

काका, शकुनीने युधिष्ठिराला आधी बसवून फाशांत लबाडी कशी करतात ते समजावून सांगितलं असतं, तर पुढचं महाभारत झालं असतं का? स्कार्नने नेमकं तेच केलं.

खवट_म्हातारा

सांगितलं असतं तरी खेळला असता. धर्मराजाला फाशांचं गणित येत नव्हतं म्हणून तो हरला असं नाही. त्याला उठता येत नव्हतं.

गणिती_गजा

काका, दंडवत.

स्कार्नचं फाशांवरचं पुस्तक मी हॉस्टेलवर असताना वाचलं होतं. सैनिकांना त्याने जे शिकवलं त्यातल्या दोन गोष्टी आजही विसरलेलो नाही. थोडं इस्कटून सांगतो.

छावणीतला खेळ म्हणजे क्रॅप्स. दोन फासे. पहिल्याच फेकीत ७ किंवा ११ पडले तर जिंकला, २, ३ किंवा १२ पडले तर हरला. बाकी काहीही पडलं (४, ५, ६, ८, ९, १०) तर ती झाली तुमची खूण. आता ती खूण पुन्हा पडेपर्यंत फेकत राहायचं, पण मध्ये ७ पडले की संपलं. सगळं मिळून फेकणाऱ्याची जिंकायची शक्यता ४९.२९ टक्के. म्हणजे बऱ्यापैकी सरळ खेळ.

चोरी होते ती बाजूच्या पैजांत. समजा खूण ६ आली. शेजारचा हुशार गडी म्हणतो, "सहा येणार नाही, लाव दहा डॉलर, बरोबरीत." पोराला वाटतं, सहा काय आणि सात काय, शेजारचेच आकडे. पण दोन फाशांवर ७ पडायचे सहा प्रकार आहेत आणि ६ पडायचे पाच. म्हणजे पोरगं अकरात पाच वेळा जिंकतं. बरोबरीने पैसे लावले की दर शंभराला नऊ डॉलर त्या गड्याच्या खिशात. खूण ४ असेल तर विचारूच नका, तिथे ४ पडायचे तीनच प्रकार आणि ७ चे तेच सहा. यात कसलीही लबाडी नाही, फासे एकदम सच्चे, आणि तरी पगार गेला.

दुसरी गोष्ट खऱ्या लबाडीची. फासा कुठल्याही कोनातून बघा, एका वेळी जास्तीत जास्त तीनच बाजू दिसतात. मग काही फाशांवर १, ३, ५ एवढेच आकडे असतात, समोरासमोरच्या बाजूंना तेच आकडे दोनदा. टेबलावर पडल्यावर कोणाच्या बापाला कळत नाही. असे दोन फासे घेतले की विषम अधिक विषम, बेरीज कायम सम. सात पडणं शक्यच नाही! सम आकड्याची खूण आल्यावर लबाड माणूस हेच फासे डावात सरकवतो आणि खूण येईपर्यंत निवांत फेकत बसतो. ओळखायची रीत सोपी: फासा उचलायचा आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करायची. सात आली पाहिजे. आपल्या सापशिडीच्या फाशावरसुद्धा येते, बघा करून.

आणि शिसं भरलेला फासा असेल तर दोन विरुद्ध कोपरे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत अगदी हलके धरा. जड बाजू आपोआप गिरकी घेऊन खाली येते. नाहीतर उंच पेल्यात पाणी घेऊन फासा अलगद सोडा, वेगवेगळी बाजू वर ठेवून सात-आठ वेळा. बुडताना दर वेळी एकाच बाजूला कलंडत असेल तर समजून जा.

सोनचाफा

गजाभाऊ, आत्ता सापशिडीचा डबा काढून सगळे फासे तपासले. तीनांतला एक निघाला गडबड! दोनच्या समोर चार. पण तो जत्रेतला प्लॅस्टिकचा आहे, त्याच्यामागे कारस्थान नसावं. :)

मांडवीकाठ

जत्रेचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे गोव्यात जत्रेला सहा चित्रांचा डाव बसतो. जमिनीवर ताडपत्री, तीवर सहा चौकोन, प्रत्येकात एक चित्र. फाशांवरही तीच चित्रं. तुम्ही एका चित्रावर पैसे ठेवायचे. डबा हलवून फासे टाकतात. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बाराएक वर्षांचा मी, आणि मामाने दिलेले पाच रुपये. डबा हलवणाऱ्याचा आवाज अजून कानात आहे: "ठेवा ठेवा ठेवा... उचला हात!"

तेव्हा माझा हिशोब असा: फासे तीन, चित्रं सहा. म्हणजे माझं चित्र निम्म्या वेळा येणार. शिवाय दोन फाशांवर आलं तर दुप्पट, तिन्हींवर आलं तर तिप्पट. म्हणजे फायदाच फायदा! पाच रुपये पाऊण तासात संपले. मामा हसला, अजून दिले नाहीत.

स्कार्नच्या पुस्तकात हाच खेळ दुसऱ्या नावाने आहे, आणि इंग्रज खलाशी तो मुकुट आणि नांगराच्या चित्रांवर खेळत. गजा, तुम्हीच हिशोब करून टाका, माझा तेव्हाचा राग अजून गेला नाही.

गणिती_गजा

तीन फाशांचे २१६ प्रकार. तुमचं चित्र एकदाच येतं ७५ वेळा, दोनदा १५ वेळा, तीनदा १ वेळा. एकदाही न येणं १२५ वेळा. म्हणजे दर वेळी एक रुपया लावला तर २१६ डावांत मिळकत ७५ + ३० + ३ = १०८, आणि घालवलेले १२५. सतरा रुपये ताडपत्रीवाल्याचे. शेकडा ७.८७.

तुमची चूक म्हणजे तीन फाशांची शक्यता नुसती बेरजेने जोडली. एकाच चित्राचे दोन फासे आले की तेवढी जागा दुसऱ्या कोणाची गेली, हे त्यात धरलं नाही. आणि डाववाल्याची कमाई अशाच फेकींत. सहाही चौकोनांवर सारखे पैसे असतील आणि तिन्ही फासे वेगळे पडले, तर तीन हरणाऱ्यांचे उचलून तीन जिंकणाऱ्यांना द्यायचे, त्याच्या हाती शून्य. जोड पडली की त्याला एक रुपया सुटतो. तिन्ही सारखे पडले तर दोन.

मांडवीकाठ

म्हणजे जोड पडली की तो एवढा ओरडायचा ते यासाठी होय! आम्हाला वाटायचं दुप्पट द्यावे लागतात म्हणून कळवळतोय.

खवट_म्हातारा

गोव्यात आता ताडपत्री कशाला, मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत की. अवांतर: गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६चा, १९९२च्या दुरुस्तीने त्यात पंचतारांकित हॉटेलात यंत्रं ठेवायची सोय केली. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता बरं का. तो कधी लागूच झाला नाही, आणि २०२३मध्ये रद्द केला. न जन्मलेल्या पोराचं बारसं आणि तेरावं दोन्ही विधानसभेने घातलं.

दुपारची_झोप

काका फॉर्मात.

अर्धाचहा

कट्ट्यावरचा, लेख चांगला आहे, पण स्कार्नच्या पुस्तकात एक मोठी खोट आहे, ती कशी सुटली तुमच्याकडून? ब्लॅकजॅक, म्हणजे पानांची बेरीज २१च्या जवळ न्यायची पण वर जाऊ द्यायची नाही, तो कॅसिनोतला खेळ.

१९६१च्या त्या कोशात त्याने लिहिलंय की ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचा वाटा ५.९० टक्के. हा आकडा काढणारा मी पहिला, असंही वर. तर चार अमेरिकन लष्करी तरुणांनी १९५६मध्येच, टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर गणितं करून, नीट खेळलं तर कॅसिनोचा वाटा जवळपास ०.६ टक्क्यावर येतो हे छापलेलं होतं. आणि स्कार्नच्या पुस्तकानंतर वर्षभरात एडवर्ड थॉर्पचं 'बीट द डीलर' आलं, की वाटलेली पानं लक्षात ठेवली तर खेळणाऱ्याचाच वरचष्मा होतो. थॉर्प गणितातला डॉक्टर, आयबीएम ७०४ संगणकावर आकडेमोड केलेली. १९६४मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून काही आठवडे नियमच बदलले होते.

स्कार्नने काय केलं? थॉर्पला खोटं ठरवलं. एक लाख डॉलरच्या सामन्याचं आव्हान दिलं. अटींवर कधी जुळलं नाही, सामना झालाच नाही. आणि दुसऱ्या श्वासात म्हणायचं, पानं मोजून खेळणारा पहिला माणूस मीच, मला व्हेगासमध्ये बंदी होती! पानं मोजून जिंकता येत नाही आणि मी मोजून जिंकलो म्हणून मला हाकललं, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातली.

कट्ट्यावरचा

मान्य. "तोंडातलं वाक्य काटून घ्यावं" म्हणालो ते यासाठीच. ब्लॅकजॅकचं लिहायचं होतं, लेख लांबला म्हणून गाळलं. तुमच्याकडून आलं ते बरंच झालं.

गणिती_गजा

थोडी त्याची बाजू घेतो. ५.९० हा आकडा हवेतला नाही. वाटणाऱ्यासारखंच खेळायचं ठरवलं (सोळापर्यंत पान घ्यायचं, सतरावर थांबायचं, दुप्पट करायचं नाही, जोडी फोडायची नाही) तर काय होतं बघा. दोघेही साधारण २८ टक्के वेळा २१च्या वर जातात, म्हणजे फुटतात. पण आधी खेळता तुम्ही. तुम्ही फुटलात की पैसे तिथेच गेले, नंतर वाटणारा फुटला तरी परत मिळत नाहीत. दोघेही फुटायची शक्यता २८ टक्क्यांच्या २८ टक्के, म्हणजे आठच्या आसपास. एक्का आणि सोबत दश्शी किंवा चित्र अशा दोन पानांना दीडपट मिळते, त्यातून दोन-सव्वादोन टक्के परत येतात. उरले साडेपाच ते सहा. स्कार्नचा आकडा तिथलाच.

म्हणजे गणित बरोबर, प्रश्न चुकीचा. वाटणाऱ्याची नक्कल करणाऱ्याला काय तोटा होतो हे त्याने काढलं. वाटणाऱ्याला सक्ती आहे, तुम्हाला नाही. समोर त्याचं सहाचं पान दिसत असताना तुम्ही बारावर थांबू शकता, हे त्यात आलंच नाही.

मला वाटतं यात त्याचा पेशा दिसतो. जादूगाराची सगळी नजर वाटणाऱ्याच्या हातावर. खेळणाऱ्याने काय निवडावं हा त्याचा विषयच नव्हता. त्याचा विषय खेळणाऱ्याला कसं फसवतात हा.

अर्धाचहा

हे पटलं. तरी ऐट कमी करायला हवी होती.

कट्ट्यावरचा

ऐट कमी केली असती तर पुस्तकं खपली नसती हो. तो आधी स्टेजवरचा माणूस.

गजा, आणखी एक वाक्य काटून बघायचं आहे. स्कार्नने छापलेली गोष्ट आहे, १९५२ची. न्यूयॉर्कचा एक जुगारी, टोपणनाव फॅट द बुच. त्याने पैज घेतली की दोन फाशांच्या २१ फेकींत एकदा तरी दुहेरी सहा पाडीन. एका वेळी हजार डॉलर, बरोबरीत. बारा तास खेळला आणि ४९,००० डॉलर हरला. इतके पैसे इतक्या वेळात जातील का खरंच, की किस्सा फुगवलाय?

गणिती_गजा

वा, कागद-पेन घेतो.

(अर्ध्या तासाने)

दुहेरी सहा ३६ फेकींत एकदा. माणसाला वाटतं १८ फेकी म्हणजे निम्मं काम झालं, २१ म्हणजे वर तीन फुकट. फ्रान्सच्या शेव्हालिए द मेरेला सतराव्या शतकात अशाच पैजेचं कोडं पडलं होतं, आणि असल्या कोड्यांवरून पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा पत्रव्यवहार होऊन शक्यतेचं गणित उभं राहिलं. खरा हिशोब: २४ फेकींत ४९.१ टक्के, २५ फेकींत ५०.६. बुचच्या २१ फेकींत ४४.७.

म्हणजे दर हजाराच्या पैजेला सरासरी १०७ डॉलर तोटा. ४९,००० जायला साधारण ४६० पैजा. एका पैजेत सरासरी १६ फेकी (लवकर पडलं तर थांबतो ना). झाल्या सात हजार चारशेच्या आसपास. बारा तासांत ७२० मिनिटं. मिनिटाला दहा फेकी, सहा सेकंदाला एक.

होऊ शकतं. हात दुखेल, पण होऊ शकतं. आणि हे सरासरीचं झालं, नशीब फिरलं असेल तर याहून कमी पैजांतही जातील. किस्सा पास.

खवट_म्हातारा

सहा सेकंदाला एक, बारा तास. एवढ्या चिकाटीने पोराने अभ्यास केला असता तर आईबापांनी पेढे वाटले असते.

सोनचाफा

माझा वेगळाच अनुभव. माझी मुलगी नऊ वर्षांची, पावसाळ्यात वीज गेली की जीव खाते. स्कार्नच्या त्या १९४५च्या पुस्तकात एक साधा खेळ आहे, 'पिग'. छापील स्वरूपात तो पहिल्यांदा त्यानेच दिला असं वाचलं. एकच फासा. हवा तितक्या वेळा टाका, पडेल ते मिळवत जा. थांबलात की बेरीज तुमच्या खात्यात. पण एक पडला की त्या पाळीतलं सगळं गेलं. आधी शंभर करील तो जिंकला.

मेणबत्ती लावून खेळलो. कन्येने चौदा, सतरा, तेवीस, एकोणतीस केले. मी म्हटलं थांब. "आई, अजून एकदाच." पडला एक. तिने फासा कॉटखाली फेकला, आणि मग तोच शोधायला अर्धा तास टॉर्च घेऊन मी पोटावर. गजाभाऊ, नेमकं कुठे थांबावं?

गणिती_गजा

वीसवर. समजा पाळीत वीस जमलेत. अजून एकदा टाकलात तर सहातल्या एका वेळी वीस जाणार. बाकी पाच वेळा २, ३, ४, ५ किंवा ६ मिळणार, यांची बेरीज वीस. म्हणजे तंतोतंत बरोबरी. विसाच्या खाली टाकण्यात फायदा, वर तोटा. (समोरचा शंभराच्या जवळ पोचला असेल तर हे बदलतं, तेव्हा जीव खाऊन टाकावंच लागतं.)

सोनचाफा

सांगितलं तिला. म्हणते, "वीसवर थांबायचं तर मग मजा काय?"

खवट_म्हातारा

मुलीवर लक्ष ठेवा.

जर्सीकर

त्याने स्वतः शोधलेल्या खेळाबद्दल कोणी लिहिलं नाही. टीको. पाच बाय पाचचा पट, प्रत्येकी चार सोंगट्या. आधी एकेक ठेवायच्या, मग एकेक घर सरकवायच्या. चारही एका रेषेत किंवा छोट्या चौकोनात आल्या की जिंकलात. इथल्या लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मला त्याचं टीकोवरचं पुस्तक दोन डॉलरला मिळालं. म्हणजे 'नाव पहिल्यांदा ऐकलं' हे खोटं निघालं, पुस्तक घरातच होतं, लेखकाचं नावच पाहिलं नव्हतं! त्याची समजूत की हा खेळ बुद्धिबळाच्या पंगतीत बसणार. त्याने पोराचं नावही जॉन टीको ठेवलं! १९९८मध्ये गाय स्टील नावाच्या संगणकवाल्याने खेळ पूर्ण सोडवला: दोघेही अचूक खेळले तर बरोबरी.

पोराचं नाव बदललं नाही अर्थात.

अर्धाचहा

पोराचं नाव झब्बू ठेवण्यासारखं झालं हे.

मांडवीकाठ

किंवा मेंढीकोट. "चि. मेंढीकोट यांचा शुभविवाह..."

दुपारची_झोप

🤣🤣 हापिसात हसायची सोय नाही राव.

नवी_पानं

धागा आत्ता वाचला. एक प्रश्न. मला पत्त्यांची जादू शिकायची आहे, पण हात अगदी लाकडी. स्कार्नपासून सुरुवात करू का?

कट्ट्यावरचा

अवश्य. आणि यात गंमत आहे. ज्याच्या हातांची अख्ख्या अमेरिकेत ख्याती, त्याने १९५०मध्ये पत्त्यांच्या जादूचं जे पुस्तक काढलं त्यात दीडशेहून जास्त खेळ आहेत, आणि एकालाही हातचलाखी लागत नाही. सगळे मोजणीवर, पानांच्या क्रमावर किंवा बोलण्यावर चालणारे. दुसऱ्या जादूगारांकडून गोळा करून, सोपे करून दिलेत. लाकडी हातांसाठीच म्हणा ना.

नवी_पानं

आणि ते एक्के काटायचं?

कट्ट्यावरचा

ते नाही त्यात. :)

जाणकार सांगतात ते असं. कॅटचे दोन भाग करून अंगठ्याने पानं फर्रकन एकमेकांत सोडताना कोपऱ्यावरचा आकडा क्षणभर दिसतो. एक्का दिसला की त्याच्यावर किती पानं पडली ते बोटांनी आणि कानाने मोजायचं. मग बरोबर तेवढी पानं उचलून काटायचं. सतरा म्हणजे सतरा, अठरा नाही. यात कुठलंही गुपित नाही, म्हणूनच कोणाला चोरता आलं नाही.

नवी_पानं

काल रात्री बाराला बसलो. बायको म्हणाली, जुगार खेळायला निदान दुसरा माणूस तरी लागतो. दोन वाजेपर्यंत नुसती चौदा पानं मोजून उचलायचा सराव केला. बारा, पंधरा, सोळा, तेरा, पुन्हा सोळा. एकदा अचूक चौदा आली, तर आनंदाच्या भरात पानं हातातून उडून पलंगाखाली. मग एक्का बघून काटायचा प्रयत्न. पहिल्यांदा किलवरची सत्ती. दुसऱ्यांदा बदामचा गुलाम. तिसऱ्यांदा चौकटची दुरी, आणि तिला लागून खाली एक्का. एका पानाने हुकलं!

आज पुन्हा बसणार.